चेक शुक्रवारी, मजुरी शनिवारी

शाळांचे गणवेश शिवून देण्याचं माझं काम आहे. शिलाईला बसणाऱ्या बायका नगावर काम करतात आणि ऑर्डर पुरी झाली की त्यांचा हिशेब शनिवारी संध्याकाळी चुकता होतो. हा शनिवार मी पुढे ढकलत नाही. त्यांच्या घरचा पुढचा आठवडा त्या पैशांवर ठरलेला असतो, कुणाचा हप्ता असतो, कुणाच्या मुलाची फी. माझी येणी मात्र संस्थांकडून, आणि बहुतेक संस्था अजूनही चेकनेच पैसे देतात. दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या, व्हाउचर, नोंदवही, अशी त्यांची रीत बसलेली आहे. त्यामुळे चेक हातात पडल्यापासून पैसे खात्यावर येईपर्यंत मधल्या काळात काय काय होतं, हे मला हळूहळू नीट समजून घ्यावं लागलं. नोव्हेंबर २०२५ मधल्या एका चेकने त्यातलं बरंच एकदम दाखवलं, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

एका शिक्षण संस्थेला क्रीडा गणवेशाचे ९०० संच दिले होते. संचाला ६०० रुपये, बिल ५,४०,००० रुपयांचं. चेक तयार आहे, घेऊन जा, असा फोन आला तो शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला दुपारी. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. म्हणजे शुक्रवार हातचा गेला तर थेट सोमवार. मजुरीचे १,२०,००० रुपये मला शनिवारी द्यायचे होते.

चेक मी नेहमी देणाऱ्याच्या टेबलावरच तपासून घेते. कुणाला त्यात अविश्वास वाटतो, पण चूक तिथे सापडली तर पाच मिनिटांत दुसरा चेक मिळतो. बँकेत सापडली तर पुन्हा दोन सह्यांची फेरी सुरू होते. तारीख बघायची, कारण १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीनच महिने चालतो, पूर्वीसारखा सहा महिने नाही. नाव माझ्या चालू खात्यावर जसं आहे तसंच हवं. बिल फर्मच्या नावाचं आणि चेक माझ्या स्वतःच्या नावाचा, असं झालं की काउंटरवरून परत फिरावं लागतं. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का, सह्या दोन्ही आहेत का. आणि खाडाखोड कुठेही नको. क्लिअरिंगमधून, म्हणजे एका बँकेचा चेक दुसऱ्या बँकेत वटवण्याच्या व्यवस्थेतून, जाणाऱ्या चेकवर तारखेखेरीज कुठलीही दुरुस्ती चालत नाही, बाजूला पूर्ण सही केली तरी नाही. पुष्कळ जुन्या हिशेबनिसांना हे अजून पटत नाही. ‘आम्ही सही करून देतो ना!’ असं म्हणतात. पूर्वी ते चालायचं, आता चालत नाही, एवढंच त्यांना शांतपणे सांगावं लागतं.

तळाच्या पांढऱ्या पट्टीवरही नजर टाकायची. सहा आकडी चेक क्रमांक, बँक आणि शाखा ओळखणारा नऊ आकडी एमआयसीआर कोड, असे आकडे तिथे विशेष शाईत छापलेले असतात. त्या पट्टीवर सही उतरली, शिक्का बसला किंवा टाचणी टोचली की यंत्राला आकडे वाचता येत नाहीत. आता चेकचा कागद बँकेबँकेत फिरत नाही, त्याची प्रतिमा फिरते. चेक ट्रंकेशन नावाची ही पद्धत दिल्ली परिसरात १ फेब्रुवारी २००८ ला प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. त्यामुळे शाई फिकी नको आणि रकमेवर संस्थेचा मोठा शिक्का नको, कारण समोरची बँक फक्त चित्र बघून निर्णय घेते.

चेक स्वच्छ होता. मग मी हिशेबनिसांना विचारलं, ‘पॉझिटिव्ह पे भरलंय का?’

या एका प्रश्नाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं असं माझं मत आहे. मोठ्या रकमेचा चेक लिहिला की चेक देणाऱ्याने आपल्या बँकेला आधीच कळवायचं असतं: अमुक क्रमांकाचा, अमुक तारखेचा, अमुक नावाचा, एवढ्या रकमेचा चेक आम्ही दिला आहे. चेक समोर आला की बँक ही माहिती पडताळते. ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. ५ लाख आणि त्यावरच्या चेकसाठी ती सक्तीची करण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे आणि संस्थेच्या बँकेने तशी सक्ती केलेली होती. म्हणजे खात्यात पैसे असले, सह्या जुळल्या, तरी ही माहिती नोंदवलेली नसेल तर चेक परत येऊ शकतो. आणि हे काम माझ्या हातात नाही. चेक घेणाऱ्याला त्यात काहीच करता येत नाही, फक्त विचारता येतं.

माहिती भरलेली नव्हती. ती भरायलाही त्याच दोन सह्या लागणार होत्या. सचिव जागेवर होते, खजिनदार बाहेरगावी गेलेले. सोमवारी सकाळी येतील, असं कळलं. हिशेबनीस मला म्हणाले, ‘ताई, तुम्ही चेक भरून तर टाका, आम्ही सोमवारी बघतो.’ त्यांचा हेतू चांगलाच होता. पण चेक आज क्लिअरिंगला गेला असता तर आजच परत आला असता, माझ्या खात्याला परतीचं शुल्क लागलं असतं आणि त्यांनाही लागलं असतं. मी त्यांना हे समजावून सांगितलं आणि चेक त्या दिवशी भरला नाही.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पूर्वी दिवसभराचे चेक एकत्र पाठवले जात आणि पैसे दुसऱ्या दिवशी येत. ४ ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ही रीत बदलली. सुरुवातीला, २०२५ मध्ये, ठरलेल्या वेळांप्रमाणे सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत बँक चेक स्कॅन करून लगेच पुढे पाठवत असे आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार कळवायचा असतो. ७ वाजेपर्यंत काहीच उत्तर आलं नाही तर चेक मंजूर झाला असं धरलं जातं. दर तासाला बँकांचा आपसातला हिशेब मिटतो आणि त्यानंतर तासाभरात ग्राहकाला पैसे वापरता यायला हवेत. सुरुवातीच्या दिवसांत चेक रेंगाळल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या. तरी ही व्यवस्था माझ्यासारख्यांच्या फायद्याचीच आहे. वेळ आता क्लिअरिंगमध्ये फारसा जात नाही. तो त्याच्या अलीकडे जातो: सही करणारा माणूस जागेवर नाही, पॉझिटिव्ह पे राहिलंय, चेक ड्रॉप बॉक्समध्ये पडून आहे.

ड्रॉप बॉक्सचं सांगते. घाई असेल तर त्यात चेक टाकू नये. बॉक्स किती वाजता उघडतात हे त्यावर लिहिलेलं असतं, ते वाचावं. त्या वेळेनंतर टाकलेला चेक दुसऱ्या कामाच्या दिवसाचा धरतात. मी काउंटरवर देते, स्लिपच्या स्थळप्रतीवर शिक्का घेते आणि विचारते, ‘तुमच्या शाखेतून शेवटचं स्कॅनिंग किती वाजता?’ देशभराची वेळ ठरलेली असली तरी शाखेची वेळ त्याआधीची असू शकते. लहान सहकारी बँका बऱ्याचदा दुसऱ्या मोठ्या बँकेच्या मार्फत क्लिअरिंगमध्ये असतात, तिथे आणखी लवकर. चेकच्या मागे खाते क्रमांक आणि फोन लिहिते, दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवते.

तर चेक सोमवारचा झाला आणि प्रश्न शनिवारचा राहिला. शुक्रवारची दुपार हातात होती.

हा चेक काउंटरवर रोख मिळेल का, हे कुणीतरी सुचवलंच. नाही मिळत. दोन तिरप्या रेघा आणि ‘अकाउंट पेयी’ असा शिक्का असला की पैसे नाव असलेल्याच्या खात्यातच जमा होतात. रेघा नसलेला बेअरर चेक, ज्या बँकेचा चेक आहे तिच्या शाखेत नेऊन, ओळखपत्र दाखवून, मागे सही करून त्याच दिवशी वटवता येतो. लहान रकमेला तो सगळ्यात जलद मार्ग आहे. पण संस्थेने ५,४०,००० चा बेअरर चेक द्यावा असं मी म्हणणार नाही. धंद्याच्या हिशेबात एका दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोखीने किंवा बेअरर चेकने दिलेला खर्च आयकरात मान्य होत नाही, आणि कुठल्याही संस्थेचा लेखापरीक्षक अशा चेकवर बोट ठेवेल. शिवाय तो हरवला तर ज्याच्या हाती लागेल तो वटवू शकतो.

दुसरं, माझं खातं त्यांच्याच बँकेत असतं तर हा चेक क्लिअरिंगला गेलाच नसता. एकाच बँकेच्या दोन खात्यांत बँकेच्या आतच वर्ग होतो, बहुधा त्याच दिवशी. माझं नव्हतं. आणि घाईच्या दिवशी चालू खातं उघडून मिळत नाही, त्याची कागदपत्रं वेगळी.

मग मी माझ्या बँकेच्या व्यवस्थापकांकडे गेले. चेक परचेस करतात का, हे विचारायला. ही सोय बऱ्याच बँकांत आहे पण काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. जुन्या, चांगल्या चालवलेल्या खात्याला बँक चेक वटण्याआधीच त्यावर रक्कम देते, मधल्या दिवसांचं व्याज आणि थोडं कमिशन घेते. चेक परत आला तर दिलेली रक्कम व्याजासह खात्यातून वसूल करते. प्रत्येक बँकेचं चेक वसुलीचं धोरण लिहिलेलं असतं, त्यात किती रकमेपर्यंत आणि कुणाला तातडीची जमा मिळते हे असतं. ते मागून वाचावं. व्यवस्थापकांनी माझं ऐकून घेतलं, खातं उघडून बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की माझ्या नावे अशी मर्यादा मंजूर केलेली नाही आणि ती मंजूर करणं शाखेच्या हातात नाही. ‘अर्ज आज द्या. आजसाठी उपयोग नाही, पुढच्या वेळेला होईल.’ मला त्यांचा हा सरळपणा आवडला. अर्ज दिला.

बँकेबाहेर पडताना ओळखीतल्या एकाचा निरोप आला. चेक घेऊन लगेच रोख देणारा माणूस आहे, शेकडा दोन घेतो. ५,४०,००० वर दोन टक्के म्हणजे १०,८००. नऊशे संचांच्या बटणांचा आणि धाग्याचा खर्च त्यात निघतो. पण टक्क्यांपेक्षा त्याची अट वाईट होती. अकाउंट पेयी चेक त्याच्या खात्यात जमा होऊच शकत नाही, म्हणून तारण म्हणून माझा स्वतःचा सही केलेला कोरा चेक त्याला हवा होता. कुणालाही, कितीही गरज असली तरी, असा कोरा चेक देऊ नका. त्यावर तो कुठलीही रक्कम लिहू शकतो, आणि तो न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली तुमच्यावरच नोटीस येते. कर्ज नव्हतं, चेक फक्त तारण होता, हे सिद्ध करत कोर्टात उभं राहायची वेळ तुमच्यावर येते. माझ्याकडे शिवणाऱ्या एकीच्या नवऱ्याचं हेच झालं आहे. ते घर त्यातून अजून बाहेर आलेलं नाही.

मार्ग निघाला तो मुदत ठेवीतून. माझ्या एकटीच्या नावावर २,००,००० ची ठेव आहे, ७ टक्क्यांची. ठेव मोडली तर व्याज कापलं जातं. मोडायची गरजच नव्हती. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून गरजेपुरती उचल, घेता येतो, साधारण ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त. मला ८ टक्क्यांनी मिळाला. ठेव एकटीच्या नावावर असल्याने मोबाइलवरूनच झालं. जोडनावावर असती तर दोघांच्या सह्या लागल्या असत्या, हे ठेव ठेवतानाच लक्षात घ्यायला हवं. ओव्हरड्राफ्टचा मोठा फायदा असा की व्याज वापरलेल्या रकमेवर आणि वापरलेल्या दिवसांपुरतंच. १,२०,००० रुपये शुक्रवारी संध्याकाळी उचलले, सोमवारी परत भरले, त्याचं व्याज ८० रुपयांच्या आत. त्या माणसाचे १०,८०० आणि हे ८०, हे दोन आकडे मी आमच्याकडच्या सगळ्या बायकांना समजावून सांगितले. त्यातल्या कित्येकींकडे छोटी का होईना ठेव असते, आणि अडचण आली की त्या आधी ती मोडतात किंवा त्याहून वाईट, सावकाराकडे जातात. ठेव नसेल तर सोन्यावर बँकेचं कर्जही त्याच दिवशी मिळू शकतं, त्याचाही दर सावकाराच्या दराच्या जवळपास नसतो.

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचा हिशेब पूर्ण झाला.

सोमवारी सकाळी मी आधी संस्थेत फोन केला. खजिनदार आले होते. दोघांच्या मान्यतेने पॉझिटिव्ह पेची माहिती भरली गेली, बँकेकडून पोहोच आल्याचा संदेश हिशेबनिसांनी मला पुढे पाठवला, तेव्हाच मी चेक घेऊन निघाले. साडेअकराच्या सुमाराला काउंटरवर दिला. तिथल्या मुलाने माझ्यासमोरच तो स्कॅनरमधून काढला. दुपारी चारच्या आत रक्कम खात्यावर होती, आणि नुसती दिसत नव्हती, वापरताही येत होती. हा फरक महत्त्वाचा आहे. पासबुकात शिल्लक दिसते पण काही रक्कम ‘अनक्लिअर’ म्हणून रोखलेली असते. त्या भरवशावर पुढे कुणाला चेक द्यायचा नाही. उपलब्ध शिल्लक किती, हे वेगळं विचारायचं. मी ओव्हरड्राफ्ट भरला, कापडवाल्याला पुढची रक्कम पाठवली.

चेक परत आला असता तर काय, याचीही तयारी असावी लागते. बँकेकडून परतीचं कारण लिहिलेला मेमो घ्यायचा. कारण तांत्रिक असेल, जसं प्रतिमा अस्पष्ट, तर मुदतीत तोच चेक पुन्हा भरता येतो. शिल्लक नाही असं कारण असेल तर मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवस असतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्यात तक्रार. या तारखा चुकल्या की हक्काचा दावा लंगडा पडतो. म्हणून मेमो फायलीत लावून विसरायचा कागद नाही.

शिवणाऱ्या बायकांसाठी एक वेगळी माहिती इथे देते, कारण ती कुणी सांगत नाही. पुष्कळजणींचं खातं फक्त पतसंस्थेत असतं. अकाउंट पेयी चेक खरं तर दुसऱ्याच्या खात्यात जमा होत नाही, पण पतसंस्थेच्या सभासदांसाठी ५०,००० रुपयांपर्यंतच्या चेकला रिझर्व्ह बँकेने मुभा दिली आहे. पतसंस्था तो आपल्या बँक खात्यात भरते आणि मग सभासदाच्या खात्यावर देते. चालतं, पण मध्ये एक पायरी वाढते आणि वेळ जातो. विम्याचा किंवा भरपाईचा चेक येणार असेल तर बँकेत एक साधं बचत खातं उघडून ठेवलेलं बरं.

या प्रकरणानंतर मी संस्थेच्या सचिवांना आणि खजिनदारांना भेटले. आरटीजीएस करा, म्हणजे बँकेतून थेट माझ्या खात्यावर पैसे पाठवा, असं मी त्यांना आधीही म्हटलं होतं, पण त्यांचं म्हणणं असायचं की संस्थेला नेट बँकिंग नाही आणि घ्यायचंही नाही. या वेळी मी बँकेतून फॉर्मच घेऊन गेले. आरटीजीएसला नेट बँकिंग लागत नाही. शाखेत फॉर्म भरायचा, त्यावर त्याच दोन सह्या, सोबत बँकेच्या नावे ‘आरटीजीएससाठी’ असं लिहिलेला चेक जोडायचा. व्हाउचर तेच, नोंदवही तीच, लेखापरीक्षकालाही चेक क्रमांक सापडतो. २ लाखांपासून पुढे आरटीजीएस, त्याखाली तशीच दुसरी सोय, एनईएफटी. ५ लाखांवरच्या रकमेला शाखेतून केल्यास शुल्क जास्तीत जास्त ४९.५० रुपये आणि कर, आणि पैसे घेणाऱ्याला काही लागत नाही. ते शुल्क माझ्या बिलातून वजा करा, असंही मी सांगितलं. खजिनदारांनी फॉर्म दोनदा वाचला आणि विचारलं, ‘सह्या आमच्याच राहणार ना?’ राहणार म्हटल्यावर त्यांची हरकत संपली. त्यांना भीती नियंत्रण जाण्याची होती, हे मला त्या प्रश्नावरून कळलं. इतके दिवस आम्ही नुसतंच चेक विरुद्ध ऑनलाइन असं बोलत होतो.

आता माझ्या बिलाच्या तळाशी खात्याचं नाव, क्रमांक आणि आयएफएससी, म्हणजे शाखेचा कोड, छापलेलं असतं आणि पहिल्या बिलासोबत रद्द केलेला चेक जोडते, म्हणजे आकडा चुकत नाही. ही संस्था शाखेतून आरटीजीएस करू लागली आहे. दुसऱ्या दोन ठिकाणी अजून चेकच मिळतो. तिथे मी बिल देतानाच पॉझिटिव्ह पेबद्दल विचारते, दोघे सही करणारे कोणत्या दिवशी असतात ते लिहून घेते आणि चेक गुरुवारच्या आत मागते. ५ लाखांपर्यंतच्या चेक परचेसच्या अर्जावर बँकेने २ लाखांची मर्यादा मंजूर केली आहे. ती अजून वापरावी लागलेली नाही.